रोमन किल्ल्याची जोती वाचायची कशी (हार्डनॉटला जाणाऱ्यांसाठी)

इंग्लंडात आईबाबा फिरायला आले की लेक डिस्ट्रिक्ट ठरलेलंच असतं, तळी बघून होतात, बोटीतून चक्कर होते, आणि मग कोणीतरी म्हणतं इथे जवळच रोमन किल्ला आहे म्हणे. आमच्याकडे ते बाबा म्हणाले. बाबा म्हणजे राजगड, तोरणा, रायगड किती वेळा चढलेला माणूस, मग काय, गाडी काढली, हार्डनॉटच्या घाटातून जीव मुठीत धरून वर गेलो आणि वर काय तर कमरेएवढ्या भिंती, गवत आणि मेंढ्या. बाबांनी एक गोल चक्कर मारली आणि विचारलं, "अगं पण किल्ला कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. वीस मिनिटांत आम्ही परत गाडीत.

मला ते खूप लागलं, कारण एवढ्या लांबून आलेला माणूस आणि मी त्याला काहीच दाखवू शकले नाही. मग मी वाचायला लागले, परत गेले, मग परत परत जातच राहिले, आणि आता कोणी पाहुणे आले की मी स्वतःहून त्यांना तिथे नेते आणि दोन-अडीच तास कसे जातात कळत नाही. हे सगळं म्हणून लिहितेय, की तुम्ही तिथे उभं राहाल तेव्हा तुमचे वीस मिनिटांत पाय परत वळू नयेत.

आधी डोक्यातला किल्ला बाजूला ठेवा

ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप आहे, बाकी काही केलं नाही तरी चालेल पण हे करा. आपला गड डोंगराच्या आकाराने जातो. कडा जसा वळेल तशी तटबंदी वळते, माची लांब सुटते, बुरूज बाहेर येतो म्हणजे तटाला भिडलेल्यावर बाजूने मारा करता येतो, दरवाजा गोमुखी म्हणजे दोन बुरुजांच्या आड लपवलेला. सगळा विचार कसला, तर शत्रू आला की आत बसून लढायचं.

रोमन माणूस असा विचारच करत नव्हता. त्याचं सैन्य बाहेर पडून मोकळ्यावर लढणारं, त्यामुळे हा आपल्या अर्थाने किल्ला नाहीच, ही पक्क्या भिंतीची छावणी आहे. राहायचं, धान्य ठेवायचं, पगार वाटायचे, रस्त्यावर लक्ष ठेवायचं आणि गडबड झाली की पटकन बाहेर पडायचं. म्हणून दरवाजे चार, चारही बाजूंना, आणि सरळ रस्त्यावर उघडणारे, लपवाछपवी नाही. म्हणून बुरूज तटाच्या आतल्या बाजूला, बाहेर आलेले नाहीत. आणि म्हणूनच डोंगर कसाही असो, आकार बहुतेक ठिकाणी एकच, पत्त्याच्या पानासारखा, चार बाजू सरळ आणि कोपरे गोल केलेले. कोपरा टोकदार ठेवला की तिथली चिणाई कमकुवत पडते, गोल असला की तट सलग वळतो. (हे पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या किल्ल्यांचं सांगतेय, नंतरच्या काळात दक्षिण किनाऱ्यावर पोर्टचेस्टरसारखे जे बांधले त्यांना बाहेर आलेले बुरूज आहेत, तो वेगळाच प्रकार.)

एकच प्लॅन सगळीकडे, हाच तर फायदा आहे. एक किल्ला नीट वाचता आला की ब्रिटनपासून सीरियापर्यंत कुठल्याही रोमन छावणीत तुम्ही आंधळ्यासारखे फिरणार नाही.

कागदावर चौकोन काढा

निघायच्या आदल्या रात्री पाच मिनिटं द्या. एक चौकोन काढा, कोपरे गोल करा. चार बाजूंना चार दरवाजे. समोरासमोरच्या दोन दरवाजांना जोडणारा आडवा रस्ता काढा. आता त्या रस्त्याला लागून मधोमध तीन इमारती एका ओळीत, बरोब्बर मधली म्हणजे सदर, तिच्या एका बाजूला किल्लेदाराचा वाडा, दुसऱ्या बाजूला अंबारखाना. उरलेल्या जागेत पुढे आणि मागे लांबच लांब चाळी, त्या शिपायांच्या. तटाच्या बाहेर खंदक, आणि बाहेरच कुठेतरी हमामखाना. झालं. मी मुद्दाम आपले शब्द वापरतेय कारण लॅटिन नावं तिथल्या पाटीवर असतातच आणि ती वाचून काही डोळ्यापुढे येत नाही, पण सदर म्हटलं, अंबारखाना म्हटलं की पन्हाळा बघितलेल्या माणसाला लगेच कळतं काय शोधायचंय.

आणि गडावर आपण जोती बघतोच की. वाडा गेला, लाकूड गेलं, कौलं गेली आणि खाली दगडी जोतं राहिलं, त्यावरून आपण म्हणतो इथे सदर होती, इथे पागा होती. इथेही डिट्टो तेच करायचंय.

नकाशाचं म्हणाल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथली सरकारी नकाशे काढणारी संस्था) घ्या, हार्डनॉटसाठी एक्सप्लोरर ओएल ६. त्यात एक गंमत आहे जी मला खूप उशिरा कळली, रोमन जागांची नावं साध्या सरळ कॅपिटल अक्षरांत छापतात आणि बाकीच्या जुन्या जागांची नावं त्या जुन्या वळणदार गॉथिक अक्षरांत. म्हणजे नकाशा उघडला की नुसत्या टाइपवरून रोमन काय ते वेगळं काढता येतं. घरी बसून अजून बघायचं असेल तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने नकाशे आणि लायडार शेजारी शेजारी लावून फुकट बघता येतात. लायडार म्हणजे विमानातून लेझर मारून जमिनीचा चढउतार मोजतात, त्यात झाडं-गवत सगळं काढून टाकलेली नुसती जमीन दिसते आणि शेतातला पुसट चौकोन एकदम उठून येतो. हे एकदा सुरू केलं की रात्रीचे दोन वाजतात, आधीच सांगते.

कधी आणि कसं जायचं

हार्डनॉटला तिकीट नाही, गेट नाही, उजेड असेल तोवर कधीही जा. पण सीझन निवडा. भर उन्हाळ्यात ब्रॅकन नावाचा नेचा कमरेपर्यंत माजतो, आजूबाजूचे उंचवटे त्यात बुडून जातात, शिवाय त्यात गोचीड असते. भर थंडीत घाटात बर्फ. म्हणून एप्रिल किंवा ऑक्टोबर सगळ्यात बरे. आणि वेळ सकाळची लवकर किंवा उन्हं कलल्यावरची. दुपारी बारा वाजता सगळं सपाट दिसतं, पण ऊन तिरकं पडलं की वीतभर उंचवट्याचीसुद्धा सावली पडते आणि जमिनीवर रेघा उमटतात. मी एकाच जागी दुपारी आणि संध्याकाळी उभी राहिलेय, दोन वेगळ्या जागा वाटतात.

रस्ता. अँबलसाइडकडून आलात तर आधी रायनोज घाट आणि मग हार्डनॉट घाट, दोन्ही पार करावे लागतात, आणि हार्डनॉटचा चढ काही ठिकाणी तीनास एक आहे म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर, एकच गाडी जाईल एवढा रस्ता आणि हेअरपिन. ड्रायव्हिंगला नवीन असाल तर या बाजूने येऊच नका. पश्चिमेकडून एस्कडेल दरीतून या, किल्ला घाटाच्या त्याच अंगाला आहे त्यामुळे माथा ओलांडावा लागत नाही, थोडा चढ आहेच पण निम्मं टेन्शन कमी. वर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, उतरताना पहिला गिअर आणि ब्रेकवर पाय दाबून धरायचा नाही, आपल्या घाटातलाच नियम. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये खालच्या गिअरला टाका. किल्ल्यापाशी रस्त्याच्या कडेला चार गाड्यांपुरती जागा असते, तेवढंच पार्किंग.

गाडीच नको असेल तर सगळ्यात सुंदर मार्ग म्हणजे रेव्हनग्लासहून छोटी ट्रेन. पंधरा इंच रुळांची, साधारण ७ मैल, दरीतून हळूहळू आत नेते, डेलगार्थला उतरायचं आणि तिथून ५ किमीच्या आसपास चालायचं. मुलं असतील तर ट्रेननेच या, पण परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.

वर काही म्हणजे काही मिळत नाही. टॉयलेट नाही, चहा नाही, मोबाईलला रेंज नाही, आडोसा नाही. नकाशा डाउनलोड करून ठेवा, पाऊस येणार असं धरूनच रेनकोट घ्या, बूट ओले झाले तरी चालतील असे. आम्ही थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थेपले किंवा मेथीचे पराठे नेतो, थंड वाऱ्यात त्याला तोड नाही. कुत्रा बरोबर असेल तर दोरी सोडू नका, सगळीकडे मेंढ्या आणि वसंतात कोकरं.

आता प्रत्यक्ष फिरायचं, आणि ते क्रमाने

रस्त्यावरून पायवाट वर निघाली की पहिल्यांदा लागतो हमामखाना. बहुतेक लोक त्याला वळसा घालून सरळ किल्ल्याकडे पळतात. थांबा तिथे. एका ओळीत तीन खोल्या दिसतील, गार, कोमट आणि गरम, शिपाई एकातून दुसऱ्यात जायचा, आणि बाजूला वेगळी एक गोल खोली आहे ती कोरड्या उष्णतेची, घाम काढायची. तटाबाहेर का बांधला? कारण भट्टी सतत पेटलेली, आत लाकडी छपरांच्या चाळी, ठिणगी उडाली तर अख्खी छावणी जाईल. आणि पाणीही वरच्या ओढ्यांचं इकडे उतारावर सोपं मिळतं. आता विचार करा, या पावसात, या वाऱ्यात पहारा देऊन आलेल्या माणसाला ही गोल खोली काय वाटत असेल.

आणि ती माणसं होती कुठली तर डाल्मेशियाची, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्याकडची. दरवाजापाशी शिलालेखाचे तुकडे सापडले, त्यावर हेड्रियन बादशहाचं नाव आणि डाल्मेशियन लोकांच्या चौथ्या तुकडीचं नाव आहे, त्यावरूनच किल्ला साधारण इ.स. १२० ते १३८ मधला हे पक्कं झालं. एड्रियाटिकच्या उन्हातून उठून इथे. त्याच सुमारास आपल्याकडे सातवाहनांचं राज्य चालू होतं आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून रोमन साम्राज्याशी जोरात व्यापार होता, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन देवाची छोटी ब्राँझची मूर्ती तुमच्यातल्या काहींनी तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये बघितलीही असेल. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे हे आपल्या अगदीच अनोळखी नाहीत.

हमामखान्याच्या वर दक्षिण-पूर्वेचा दरवाजा. आत शिरायच्या आधी वळून उभं राहा आणि रस्ता बघा. हा किल्ला इथे आहे तो त्या रस्त्यासाठी, किनाऱ्यावरच्या रेव्हनग्लासहून डोंगर ओलांडून अँबलसाइडला जाणारी रोमन वाट, आणि अधल्यामधल्या खिंडीवर ही चौकी. आपल्या घाटवाटांवर नाणेघाटासारख्या ठिकाणी जकात आणि पहारा का होता ते ज्याला माहितीये त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मग आत या आणि थेट मध्यावर चालत जा. कडेने फिरायचा मोह होतो पण आधी मध्य. खिशातला कागद काढा. तुम्ही जिथे उभे आहात ती सदर, पुढे अंगण, मग आडवा मोठा हॉल जिथे सगळ्यांना जमवून हुकूम द्यायचे, आणि मागे खोल्या. मागच्या खोल्यांतली मधली म्हणजे देवघर, तिथे तुकडीची निशाणं ठेवायची आणि पगाराची पेटीसुद्धा तिथेच, देवाच्या आणि निशाणाच्या राखणीत. (चेस्टर्स नावाचा दुसरा किल्ला आहे हेड्रियनच्या भिंतीवर, म्हणजे याच बादशहाने उत्तर इंग्लंडात बांधलेल्या सरहद्दीच्या लांबलचक भिंतीवर, तिथे या खोलीला लागून कमानीच्या छताचं तळघर अजून दिसतं, जमलं तर नक्की बघा.)

शेजारी अंबारखाना, आणि तो ओळखायची खूण म्हणजे भिंतीला बाहेरून थोड्या थोड्या अंतरावर दिलेले दगडी टेकू. धान्याचा भार आणि वरचं जड छप्पर भिंतीला बाहेर ढकलतं म्हणून टेकू. जमीनही उचललेली असायची, खालून वारा खेळावा, ओल चढू नये, उंदीर शिरू नयेत, आपण कणगी दगडांवर उचलून ठेवतो ना त्यातलाच विचार. दुसऱ्या बाजूला किल्लेदाराचा वाडा. कुठल्याही रोमन किल्ल्यात जाड भिंत आणि टेकू दिसले की डोळे मिटून सांगा, अंबारखाना. माझी सगळ्यात लाडकी इमारत हीच आहे कारण ही कधी चुकत नाही.

आणि चाळी? त्या शोधू नका, इथे त्या लाकडी होत्या, वर काहीच उरलेलं नाही. पण ती मोकळी जागा रिकामी समजून ओलांडू नका, साधारण पाचशे माणसांच्या तुकडीसाठी आखलेली जागा आहे ही. पूर्ण किल्ला साधारण ११४ मीटर बाजूचा चौरस, म्हणजे एका सोसायटीच्या आवाराएवढ्या जागेत पाचशे माणसं, धान्य, हत्यारं सगळं.

आता तटाकडे. इथे एक गोष्ट बघायला विसरू नका. तटाच्या भिंतीत मध्येच पातळ पाटीच्या दगडाची एक आडवी रेघ जाते. त्या रेघेच्या खालचं बांधकाम मूळ रोमन, वरचं विसाव्या शतकात पडलेलेच दगड उचलून परत रचलेलं. मला हे फार आवडतं, प्रामाणिकपणे सांगितलंय की इथपर्यंत जुनं आणि इथून पुढे आम्ही. आपल्या गडांवर डागडुजी करताना अशी एक रेघ सोडली तर पुढच्या माणसाला किती सोपं जाईल. भिंतीवर चढू नका, वरचे दगड सैल होतात, मुलांना आधीच सांगून ठेवा.

चारही कोपऱ्यांत जा, आतल्या अंगाला बुरुजांची चौकोनी जोती दिसतील. उत्तर-पश्चिमेच्या बाजूला कडा एकदम खाली तुटतो, खाली एस्क नदीची दरी, पलीकडे स्काफेलचे डोंगर, इंग्लंडमधलं सगळ्यात उंच शिखर त्याच रांगेत, ९७८ मीटर. पश्चिमेला दरी उघडत समुद्रापर्यंत जाते. आणि या कड्याच्या बाजूलाही दरवाजा आहे! समोर जायला जागाच नाही तरी दरवाजा, कारण प्लॅनमध्ये चार दरवाजे आहेत. हे बघून बाबा खूप हसले आणि मग म्हणाले, आता कळलं मला हे कसे लोक होते.

हो, बाबांना दोन वर्षांनी परत नेलं मी. त्यांना सगळ्यात काय आवडलं माहितीये का, तर जे निम्मे लोक बघतच नाहीत ते, कवायतीचं मैदान. किल्ल्याच्या उत्तर-पूर्वेला, तटापासून साधारण दोनशे मीटर वर चढून जायचं. आजूबाजूला सगळा खडकाळ, दलदलीचा उतार आणि मध्येच एक सपाट पटांगण, क्रिकेट खेळावं असं. ते निसर्गाचं नाही, डोंगर एका बाजूने खोदून ती माती दुसऱ्या बाजूला भरून हातांनी सपाट केलंय, आणि कडेला एक उंचवटा आहे, अधिकाऱ्याने उभं राहून कवायत बघायचा. दगड एकही नाही इथे, पाटी वाचली नाही तर कळतही नाही. बाबा त्या मैदानात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत चालत गेले, परत आले आणि म्हणाले हे करायला किती दिवस लागले असतील गं, या थंडीत.

मध्ये एकदा, इ.स. १४० नंतर, रोमन सैन्य उत्तरेला स्कॉटलंडमध्ये सरकलं तेव्हा हा किल्ला काही काळ रिकामा झाला, नंतर परत माणसं आली. म्हणजे जे जोतं दिसतं ते एका झटक्यातलं नाही हेही लक्षात ठेवा.

उतरल्यावर

वेळ असेल तर रेव्हनग्लासला थांबाच. तिथला किल्ला जवळजवळ गेला, काही समुद्राने खाल्ला आणि काही एकोणिसाव्या शतकात रेल्वेने कापला, पण हमामखान्याच्या भिंती अजून ४ मीटरच्या आसपास उंच उभ्या आहेत, वर गिलाव्याचे तुकडेसुद्धा. स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. हार्डनॉटचा हमामखाना आणि हा एकाच दिवशी बघितला की वरच्या गुडघाभर भिंतींना मनातल्या मनात छप्पर चढतं. शक्यतो आधी वरचा बघा आणि मग हा.

दगड नसलेल्या किल्ल्यावर स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर ऑल्स्टनजवळ व्हिटली कॅसल, रोमन नाव एपियाकम. सगळं गवताखाली. आणि गंमत म्हणजे हा नियमाला अपवाद, टेकडीवर बसवायला चौकोन तिरका केलाय, पत्त्यातल्या चौकटसारखा. खंदक मात्र एकामागून एक इतके की मोजताना चुकतं, संध्याकाळच्या उन्हात लाटांसारखे दिसतात. तिथेही मध्यावर जाऊन कागद काढायचा, दरवाजे शोधायचे म्हणजे तटाच्या उंचवट्यातली खाच शोधायची, आणि मग मधल्या तीन इमारतींचे उंचवटे. जिथे पायाखाली जमीन कडक आणि गवत ठेंगणं तिथे खाली बहुतेक भिंत असते.

या सगळ्या जागा कायद्याने संरक्षित आहेत, १९७९ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय खणणं किंवा मेटल डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. पण व्हिटली कॅसलला खणतंच कोणीतरी, चिचुंद्रीसारखा दिसणारा तो मोल नावाचा प्राणी, त्याला परवानगी लागत नाही. तो माती वर काढतो आणि स्वयंसेवकांनी रीतसर परवानगी घेऊन ते मातीचे ढीग चाळले तर रोमन खापरं, मणी असं बरंच निघालं. तुम्हालाही अशा ढिगात लाल चकचकीत खापर दिसू शकतं. हात लावू नका, शेजारी एक नाणं ठेवून मापासाठी फोटो काढा, फोनवर लोकेशन सेव्ह करा, खापर तिथेच असू द्या आणि त्या जागेची देखभाल करणाऱ्यांना मेल टाका.